सावलीतले तास

माहं नाव कौसल्या, पन् गावात समदे मला कौसामायच म्हनतेत, तुमी बी तसंच म्हना ताई, कौसल्याबाई म्हनलं की मला वाटतं तहसीलातून कोनी आलंय. बसा, हितं बाजंवर बसा, सुनंनं चहा ठिवलाय. ह्या तुरीच्या शेंगा तेवढ्या सोलून घेते बोलता बोलता, नात सांजच्याला येती कामावून, तिला सोल्यांची आमटी लई आवडती. तुमी इचारा काय इचारायचं ते. अन् कुठं लई लांबलं तर तोंडावर सांगा, कौसामाय, आता पुरं करा, मला राग न्हाई येत, म्हंजी येतो, पन् जातो जल्दी.

माहेर टेंभुर्णीच्या अलीकडं, जाफराबाद तालुक्यात. गाव लहान, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. माहा बाप अंगानं हाडकुळा पन् आवाज असा की शिवारातून हाक मारली तर नदीपल्याड ऐकू जाय. आधी काय व्हतं, गावाचं काम आमच्या लोकांवर, कोनाचा सांगावा पोचव, पाटलाच्या घरची लाकडं फोड, मेलेलं जनावर वढून ने, अन् तेच्या बदल्यात काय तर दारावरची शिळी भाकर. तेला मजुरी म्हनत नसत, तेला काम बी म्हनत नसत, ते तर तुमचं हायेच म्हनायचे. मंग छप्पन साली आमी धम्म घेतला अन् बापानं समदं सोडलं. मी लहान व्हते पन् एक गोष्ट अजून डोळ्यापुढं हाय. पाटलानं बोलावनं धाडलं, लाकडं फोडायचीत, बाप गेला, कुऱ्हाड खांद्यावर, मी मागं मागं. बाप म्हनला, पाटील, फोडतो, आधी मजुरी बोला. पाटील हसले, अरे मजुरी कसली, घटकाभराचं काम, सावलीत उभं राहून तर करायचंय. बापानं कुऱ्हाड खांद्यावून खाली सुदीक घेतली न्हाई, तसाच माघारी फिरला. पुढं कितीक दिवस गावात आमाला कोनी काम दिलं न्हाई, आईनं रानातल्या भाज्या उकडून घातल्या, बाप सडकंच्या खडीवर जाय. पन् जेवायला बसला की म्हनायचा, पोरी, आपले हात आता आपले हायेत. मला वाटायचं हात तर आपलेच असतेत, दुसऱ्याचे कसे असतीन. काय सांगू तुम्हाला, ते समजायला माहं लगीन होऊन दोन लेकरं व्हावी लागली.

लगीन झालं ते हिकडं, जालन्याच्या ह्या बाजूला, अंबड रस्त्याला. तवा जालना जिल्हा न्हवता, तालुका व्हता, मोठं काम निघालं की औरंगाबादची यष्टी धरावी लागायची. आमचे हे जालन्याला जिनिंगमधी व्हते, रुईच्या गाठी उचलायला, रोज सायकलवर जायाचं, सायकलवर यायाचं, केसात भुवईत समदी रुई, दारात आले की म्हातारा आल्यागत दिसायचे. तेंचं काम भोंग्यावर. भोंगा वाजला की हात चालू, भोंगा वाजला की हात बंद, भोंग्याच्या वर जरा कोनी थांबवलं तर हे वरचे पैसे मागायचे, अन् घरी येऊन मला ते तीनदा सांगायचे. मी चिडवायची, तुमच्या गाठीला बी कळतो का हो भोंगा? हे म्हनायचे, गाठीला न्हाई कळत, मला कळतो. लई ताठा व्हता तेंला त्या भोंग्याचा. मानूस चांगला, पन् ताठा व्हता.

अन् मंग गावात ते किरासिंग आलं. तुम्हाला ठावं नसंल. दोन जातीच्या कपाशीचं मिळून नवं बी करायचं, जालन्याच्या बीवाल्या कंपन्या शेतकऱ्यांला प्लाट द्यायच्या, अन् आमच्या गावात पयला प्लाट अप्पांचा. अप्पा म्हंजी मोठे बागायतदार, मानूस तोंडाचा गोड, शिवी बिलकुल न्हाई, पन् रोज ठरवायला बसले की गोड बोलून बोलूनच समोरच्याला गप करायचे. काम असं ताई, की उद्या जी कळी फुलनार ती आज तिसऱ्या पहरी हुडकायची, तिच्या पाकळ्या अन् आतले बारीक बारीक केसर अंगठ्याच्या नखानं सोलून काढायचे, मधली काडी तेवढी ठिवायची, तिला धक्का लागला की कळी वाया, अन् वरून लाल कागदाची टोपी घालायची. मंग दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन जरा वर आलं की नराच्या वळीतून फुलं तोडून आनायची, टोपी काढायची, फूल त्या काडीला हलकंच घासायचं अन् आता पांढरी टोपी घालायची. लगीनच म्हना की. आमी त्या कळ्यांला हळदीची गानी बी म्हनायचो. पन् ही नवरी काय थांबत न्हाई, तिची येळ टळली की टळली, दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडून जातं, मंग कितीबी घासा.

हे काम बायांचंच, का तर गड्याचं बोट जाड. अन् अंगठ्याचं नख पाहिजे. आमी किरासिंगच्या आधी पंधरा दिवस नख वाढवायचो, भांडे घासताना तो अंगठा वर धरायचो, अन् अप्पा पयल्या दिवशी आमाला बांधावर उभं करून एकेकीचं नख बघायचे. नख हाय तिला किरासिंग, नख न्हाई तिला खुरपनं न्हायतर पानी वाहायचं, तेचा रोज आनखीनच कमी. गड्यांचा रोज तर आमच्यापेक्षा किती वर, ते बोलायलाच नको, ते तसंच असतं म्हनायचे.

आता हितून नीट ऐका, कारन समदी गंमत हितं हाय. सकाळचं काम दुपार व्हायच्या आत सरायचं अन् दुसरं तिसऱ्या पहरी लागायचं. मधली दुपार मोकळी. घर लांब, जाऊन येऊन पुरायचं न्हाई, मंग आमी अप्पांच्या आखाड्यावर, म्हंजी शेतातल्या घरापुढं, मोठा लिंब व्हता तेच्या सावलीला बसायचो. भाकर खाल्ली की मालकीनबाई आतून काय ना काय घेऊन यायच्या. कधी मुगाच्या शेंगा, कधी भुईमूग फोडायला, कधी मिरच्यांचे देठ काढायला, कधी घरात खायाची जवारी निवडायला, कायच नसलं तर गोधडी, चार बाया चार कोपऱ्याला. आमी गप्पा मारत करायचो. अन् तेला आमी काम म्हनतच न्हवतो. उन्हातलं ते काम, सावलीतलं ते काय काम असतं का? आमाला कोनी असं शिकवलं न्हवतं, माही आई बी तसंच धरायची, सासू बी तसंच, उन्हातून येऊन सावलीत हात चालवले की म्हनायच्या, जरा इसावा घेतला.

मंग एक दिवस जीप आली. ते दिवस नसबंदीचे, जीप दिसली की गावात पळापळ, आमी बी कपाशीत जाऊन वाकलो. जीपीतून उतरली एक पोरगी, चष्मा, दोन येन्या, हातात घड्याळ, खांद्याला शबनम पिशवी. सारजामावशी आमच्यात थोरली, तिनं बांधावूनच वरडून सांगितलं, बाई, आमचं समद्यांचं आपरेशन झालंय. मावशीची तवा साठी उलटलेली. ती पोरगी असं हसली, चष्मा काढून डोळे पुसले तिनं. म्हनली, मी त्याच्यासाठी न्हाई आले, मी मजुरी विचारायला आले. सरकार शेतातल्या कामाचा दर ठरवतंय, त्याच्यासाठी गावोगाव विचारायचं, कोन किती तास काम करतं, तेला काय मिळतं, म्हंजी एका तासाला काय पडलं. आमी म्याडम म्हनायचो तिला. औरंगाबादची व्हती, कालेजात शिकून नवीन नवीन कामाला लागल्ती, बोलायची शुद्ध पन् ऐकायची चांगलं.

अप्पांनी खुर्ची आनवली, स्वता शेजारी उभे राह्यले. म्याडमनं एकेकीला इचारलं, सकाळी कधी येता, कामावून कधी उठता, मंग तिसऱ्या पहरी कधी लागता, घड्याळ कोनाकडं न्हवतं, कोनी सावली दाखवली, कोनी आगगाडी सांगितली, तिनं जुळवून घेतलं. मंग म्हनली, दुपारी? आमी समद्या एका तोंडानं म्हनलो, दुपारी काय, दुपारी सावलीला असतो. मी तर वरून म्हनले, दुपारी आमी राजाच्या रान्या असतो बाई. लई हसल्या समद्या. म्याडमनं हिशेब केला अन् तिलाच नवल वाटलं, म्हनली, तासाला धरलं तर तुमची मजुरी गड्यांच्या बराबर येती की, जरा वरच. अप्पा म्हनले, बघा म्याडम, मी काय सांगत व्हतो, ह्या माह्या लेकीबाळीच हायेत. ते आता सरकारच्या कागदात जानार व्हतं, की हितल्या बायांला बराबर मिळतं, वाढवायची गरज न्हाई. अन् आमी? आमी खुशीत. मी सांजच्याला घरी गेले, हे दारात रुई झटकून राह्यले व्हते, मी म्हनले, आवो, तुमच्या तासापरीस माहा तास महाग हाय, सरकारनं मोजलाय. तेंचं तोंड असं झालं, त्या राती भाकर कमी खाल्ली तेंनी.

पन् खुशी काय टिकती ताई. चार-पाच दिवसांनी दुपारी भुईमूग फोडता फोडता माहं नख मोडलं. मुळातून, रगत आलं. तिसऱ्या पहरी अप्पांनी बघितलं, म्हनले कौसे, तुझं किरासिंग बंद, उद्यापासून पानी वाह्य. गोडच बोलले, पन् रोज कमी झाला तो झालाच. मी डोक्यावर हांडा घेऊन बांधाबांधानं फिरून राह्यले व्हते तवा म्याडम आली, शेजारच्या गावचं उरकून वापस चालल्ती, कागदावर आमचे अंगठे घ्यायचे राह्यल्ते. मला बघून म्हनली, तुम्ही तर फुलावर होत्या ना? मी अंगठा दाखवला, चिंधी बांधलेला. कशानं मोडलं? म्हनले, शेंगा फोडताना. घरच्या? न्हाई, मालकाच्या. कधी फोडल्या? म्हनले, दुपारी. म्याडमनं आपला कागद काढून बघितला. मंग म्हनली, कौसाबाई, दुपारी तर तुम्ही रान्या होत्या ना.

काय सांगू तुम्हाला, मी हांडा खाली ठिवला. ती काय टोचून बोलली न्हाई, साधंच इचारलं तिनं, पन् मला माहा बाप दिसला, खांद्यावर कुऱ्हाड, पाटलाच्या दारातून माघारी फिरलेला. सावलीत उभं राहून तर करायचंय, पाटील म्हनले व्हते. बापानं जी येठबिगारी सोडली, उपाशी राहून सोडली, ती मी रोज दुपारी लिंबाखाली बसून, गप्पा मारत, हसत हसत करून राह्यले व्हते, अन् वर सरकारला सांगून राह्यले व्हते की मी इसावा घेते. मला रडू न्हाई आलं. राग आला, आधी अप्पांचा, मंग माहाच.

म्याडम म्हनली, मी कागद बदलते, पन् एकट्या तुम्ही सांगून चालत न्हाई, मालक म्हनतीन ही बाई रागावली म्हनून बोलती. समद्यांनी सांगायला पाहिजे. मी पुढच्या बाजारच्या दिवशी येते, तेच्यानंतर कागद वर जानार, मंग माह्या हातात काय न्हाई. तिचा बी जीव अडकला व्हता, तिनं पयलं चुकीचं लिवलं म्हनून साहेब काय म्हनतीन ही भीती व्हतीच तिला, पन् आली ती.

मी बायांला सांगितलं. तुमाला वाटंल समद्या उठून उभ्या राह्यल्या असतीन. कशाचं काय. सारजामावशीच माह्यावर उखडली. म्हनली, कौसे, तुला कळतं का, त्या लिंबाखाली आमाला कोनी उभं राहू देत न्हवतं, हिरीवर ओंजळ पुढं करून वरून पानी घ्यावं लागायचं, आज त्याच हिरीच्या पान्यात मी माही वाटी बुडवते, कोनी कायबी म्हनत न्हाई, तेच्यापायी चार शेंगा सोलल्या तर तुहं काय जातं? मी म्हनले, मावशी, पानी तेंचं मेहेरबानीचं हाय का आपल्या हक्काचं? अन् मेहेरबानीचं असंल तर तेचं फिटायचं कधी, दर साली दुपार देऊन राह्यलो आपुन. मावशी म्हनली, तू शिकवू नगंस मला. बाकीच्या म्हनल्या, अप्पा दुसऱ्या गावच्या बाया आनतीन, मंग चूल कशी पेटायची? ते बी खरंच व्हतं, मी काय त्यांला नावं न्हाई ठेवत. त्या दिवशी माह्याजवळ कोनी भाकर सोडली न्हाई, मी येगळी बसले.

दुसऱ्या दुपारी मालकीनबाईंनी शेंगांचं सूप माह्यापुढं सरकवलं. मी हात मांडीवर ठिवले. म्हनले, बाई, मला नख वाढवायचंय, अप्पाच म्हनले नख न्हाई तर किरासिंग न्हाई, मी शेंगांला हात न्हाई लावनार. हे मी काय लई इचार करून न्हाई बोलले, तोंडातून निघून गेलं. मालकीनबाईंनी सूप दुसरीपुढं सरकवलं, करतीन काय, नखाचा कायदा तर तेंच्याच मालकानं काढलेला. मी बसले. अन् ताई, हात मोकळे ठिवून बसनं किती अवघड असतं तुम्हाला सांगू? बोटं आपोआप हालायची, मातीतले खडे उचलायची, लुगड्याची दशी वढायची, मला वाटायचं समदी दुनिया मलाच बघून राह्यली, ऐतखाऊ म्हनून. मी दोन्ही हात एकमेकात गुंतवून घट धरले, लेकराचे धरावे तसे.

जरा येळानं आवाज आला, सूप खाली ठिवल्याचा. सारजामावशी. माह्याकडं बघितलं बी न्हाई, आपला अंगठा डोळ्यापुढं धरून म्हनली, माहं बी नख जरा तडकल्यावानी वाटतंय, जपायला पाहिजे. झालं, तेच्या मागं एक, तेच्या मागं दुसरी, समद्या आपापलं नख बघायला लागल्या, हिचं तडकलं, तिचं मऊ पडलं, एक पोरगी तर म्हनली माहं दुखायलंय. सकाळी फुलावर समद्यांची नखं कशी सुईवानी, अन् दुपारी लिंबाखाली आजारी. हसू येऊन राह्यलं व्हतं पन् कोनी हसलं न्हाई. मावशी माह्याजवळ सरकून हळूच म्हनली, कौसे, तुझा बाप मला ठावं हाय कसा व्हता, मी तेच्या गावच्या लग्नाला गेल्ते. बास, तेवढंच बोलली, अन् तिची भाकर माह्या पुढ्यात ठिवली.

अप्पांनी आधी गोड बोलून बघितलं, मंग म्हनले दुसऱ्या गावावून बाया आनतो. मावशी म्हनली, आना की अप्पा, पन् नखं वाढलेल्या आना. नख वाढायला पंधरा दिवस, अन् फूल तर रोज फुलतंय.  चार दिवस असं चाललं. सकाळचं काम आमी चोख करायचो, तिसऱ्या पहरचं चोख, एक कळी वाया जाऊ दिली न्हाई, अन् दुपारी हात मांडीवर. मूग वसरीवर पडून राह्यला, त्यात आभाळ आलेलं, शेंगा वल्ल्या, बुरशी धरतीन अशी भीती. मंग मालकीनबाई स्वता बसल्या सोलायला, एकट्या. तेंच्या बांगड्यांचा आवाज आमाला लिंबाखाली ऐकू यायचा. मला खरं सांगते वाईट वाटलं, त्या काय वाईट बाई न्हवत्या, एकदा माह्या लेकराला ताप आल्ता तर तेंनीच गोळी दिल्ती. दोनदा मी उठायला गेले, मावशीनं पदर धरून खाली बसवलं.

बाजारचा दिवस आला, म्याडम आली. खुर्ची, अप्पा, समदं पयल्यासारखंच. म्याडम म्हनली, दुपारचं मला पुन्यांदा इचारायचंय. अप्पा म्हनले, अहो तेच्यात काय इचारायचं, दुपारी सावलीत बसून असतेत, आता तर हात सुदीक हालवत न्हाईत, तुमीच बघा. आमी बोलायच्या आत वसरीवून आवाज आला. मालकीनबाई. डोक्यावर पदर, दाराच्या चौकटीला धरून उभ्या, गड्यामानसात त्या कधी बोलायच्या न्हाईत. म्हनल्या, अहो, ते बसणं असतं तर चार दिवसांत माझी पाठ धरली नसती. ह्या बाया करत होत्या तेव्हा मला वाटायचं आपोआप होतं. अर्धा मूग अजून पडलाय. लिहून घ्या हो बाई, ते काम आहे.

 अप्पा लिंबाकडं बघत राह्यले. मंग मावशीनं सुरुवात केली, मूग सांगितला, मिरच्या सांगितल्या, हात कसे भगभगायचे ते सांगितलं, मंग आमी समद्या बोलायला लागलो, गोधड्या बी आठवल्या, म्याडमचं लिवून लिवून बोट दुखलं. मंग तिनं पुन्यांदा हिशेब केला अन् आकडा सांगायला तिलाच जड गेलं. गड्याच्या तासापुढं आमचा तास म्हंजी भाकरीपुढं कोर. मला वाटल्तं लाज वाटंल. पन् बरं वाटलं ताई, खोटं बरं असल्यापरीस खरं कमी असलेलं बरं वाटलं. आमी एकेक अंगठा दिला, नखवाला अंगठा. म्याडमनं माहा धरला तर नवं नख कोरभर वर आलेलं, तिनं बघितलं अन् हसली.

अप्पांनी त्याच हप्त्यात सांगितलं, ज्यांला दुपारी घरी जायाचं तेंनी जावं, ज्या थांबून काम करतीन तेंला दुपारचा येगळा रोज. लई न्हाई दिला, अप्पाच ते, पन् दिला. मालकीनबाई स्वता वाटायच्या, अन् एकदा म्हनल्या, माझ्या दुपारचं कोन देईल गं? मी म्हनले, ते बी इचारा की घरात. सरकारचा दर पुढं आला म्हने, तालुक्याच्या हाफिसात लागला, गावात पोचायला तेला येळ लागला, कोनी दिला कोनी न्हाई. पन् किरासिंगवाल्या बाया आमच्या गावात रोज ठरवताना दुपारचं आधी बोलायच्या, ते काय मंग बंद पडलं न्हाई. आजूबाजूच्या गावात बी गेलं ते.

अन् आमचे हे. मी घरी येऊन सांगितलं, आवो, चुकलं व्हतं, माहा तास तुमच्यापरीस लई सस्ता निघाला. मला वाटलं आता मिशीवर हात फिरवतीन. तर रुई झटकायची थांबवली. मंग म्हनले, अन् घरचं? हे चूल, पानी, लेकरं, हे धरलं म्याडमनं? म्हनले, न्हाई. हे हसले जरा, म्हनले ते धरलं तर तुहा तास फुकटच पडंल की. हसता हसता तेंचं हसू थांबलं. दुसऱ्या दिवशी पहाटं उठून बघते तर हांडा भरलेला, कोनी बघायच्या आत हिरीवून आनल्ता, अन् मला म्हनले, गावात सांगू नगंस. मी बी न्हाई सांगितलं, आता तुम्हालाच सांगून राह्यले, ते गेले त्याला बी लई सालं झाली, आता काय लाजायचं.

आता काय, गुडघे गेलेत, नजर कमी, पन् चांगलं चाललंय. नात एमआयडीसीत बीच्या कंपनीत हाय, मशीनवर बी तपासती, गळ्यात कारड घालून जाती, आली की कारड गेली की कारड, जादा थांबवलं तर तेचं येगळं मिळतं अन् न्हाई मिळालं तर भांडती. आज्यावर गेली. ती मला म्हनती, आजी, तू दुपारी झोप. मी म्हनते, झोप न्हाई येत, पन् बसते. अन् बसते ते हात मांडीवर ठिवून बसते, ते मला त्या चार दिवसांनी शिकवलं. ह्या शेंगा येगळ्या, ह्या माह्या मनानं, माह्या नातीसाठी, हे माहे हात माहे हायेत.

आवो ताई, पन् तुमचं काय चाललंय? मघापासून मी बघून राह्यले, तुमी बोलता बोलता अर्ध्या शेंगा सोलल्या माह्या. तुमाला कळलं बी न्हाई ना? ठिवा खाली. पाव्हनी तुमी, तुमच्या नखाला डाग पडले हिरवे. ठिवा, अन् आता जेवल्याबिगर जायाचं न्हाई, सोल्यांची आमटी तुमच्याच हातची हाय. पोरीबाळी सुखी राहा तुमी समद्या. अन् लिवनार असाल माहं हे समदं, तर खाली एवढं बी लिवा, की कौसामायच्या वसरीवर सावलीत बसून ह्या लिवनाऱ्या बाईनं बी काम केलं.